दुसऱ्या भाषेतला संवाद आणि पडद्यापलीकडची माणसे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



साठ वर्षांपूर्वी ही शाळा सुरू झाली, त्या काळी दिल्लीतल्या मराठी कुटुंबाला महाराष्ट्राशी जोडणारा धागा म्हणजे टपाल. निळ्या आंतर्देशीय पत्रावर आई आपला मजकूर लिही आणि शेवटच्या घडीवरची जागा मुलांसाठी राखून ठेवी. 'तीर्थरूप आजोबांस' अशी सुरुवात करून मुले दोन ओळी खरडीत. पत्र चिकटवण्यापूर्वी त्या दोन ओळींवरून आईची नजर फिरे. एखादा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला जाई, 'खाली नाव घाल' अशी आठवण दिली जाई आणि मगच पत्र पेटीत पडे. आजोबांच्या हाती पोहोचायला त्याला काही दिवस लागत. त्यात चूक राहिलीच, तर ती आजोबा आणि आजी या दोघांपुरतीच राही.

आज त्याच घरातील नातवंडाच्या हाती मोबाइल आहे. सर्व नातलगांचा एक गट आहे. पुणे, नागपूर, सांगली, न्यू जर्सी अशा सर्व ठिकाणची पंचवीस-तीस माणसे त्यात आहेत. नोएडातला सहावीतला मुलगा एक वाक्य लिहितो आणि ते त्या क्षणी सर्वांच्या डोळ्यांपुढे येते. त्यावर कोणाची नजर फिरलेली नसते. वाक्यात काही खटकले तर कोणीतरी हसरा चेहरा टाकते, कोणी 'दिल्लीची मराठी!' अशी कोटी करते. त्यात कोणाच्याही मनात वाईट नसते. तथापि त्यानंतर तो मुलगा त्या गटात मराठी लिहीत नाही. तो इंग्रजीत लिहितो, नुसता अंगठा दाखवतो, किंवा गप्प राहतो. एका घरातील एक भाषा एका हसण्याने अशी मागे सरते, आणि पुष्कळदा ती मागे सरल्याचे घराच्या ध्यानातही येत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हा आहे.

दुसरी भाषा शिकणारा म्हटला की डोळ्यांपुढे जर्मन किंवा जपानी शिकणारा तरुण येतो. दिल्ली हे अशा शिक्षणाचे मोठे केंद्र आहेच. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, मॅक्सम्युलर भवनात, आलियाँस फ्राँसेझमध्ये असंख्य तरुण परक्या भाषा शिकतात आणि त्या त्या देशांतील समवयस्कांशी पडद्यावरून बोलतात. परंतु दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम येथे वाढलेले मराठी मूलदेखील एका अर्थाने दुसरीच भाषा शिकत असते. जनगणनेच्या रकान्यात त्याची मातृभाषा मराठी असते. २०११च्या जनगणनेत अशी नोंद करणारे सुमारे आठ कोटी तीस लाख भारतीय होते. पण गल्लीत, बसमध्ये, मैदानावर, भाजीवाल्याशी ते हिंदी बोलते. त्याच्या मनातील 'सहज' भाषा हिंदी असते आणि मराठी ही घराच्या उंबऱ्याआतली व या शाळेच्या भिंतींआतली. शिवाय ज्यांच्या घरी मराठी मुळीच नाही, अशीही मुले दिल्लीत मराठी शिकतात. या सर्वांना पडद्यापलीकडच्या मराठी माणसाशी बोलताना दोन संस्कृतींच्या मधली वाट चालावी लागते.

ही वाट दिल्लीला नवी नाही. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातील पुरुष दिल्ली दरबारी राहिले. दरबाराची भाषा फार्सी आणि पुण्याला जाणारा मजकूर मराठीत, मोडी लिपीतला. एका भाषेतील अदब दुसऱ्या भाषेतील अदबीत बसवणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. पानिपत आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडते. १७६१च्या त्या रणानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकारी पत्राच्या रूपाने बातमी पडली. गळालेले मोती, हरवलेल्या मोहरा आणि न मोजलेला खुर्दा अशा शब्दांत तीत सर्वनाश सांगितला होता. मोती म्हणजे कोण आणि मोहरा म्हणजे कोण, हे कळायला मराठी येणे पुरेसे नव्हते, तो व्यवहार आणि ती माणसे ठाऊक असणे आवश्यक होते. दूर अंतरावरचा संवाद शब्दांइतकाच वाचणाऱ्याच्या पूर्वज्ञानावर उभा असतो, याचा याहून ठळक दाखला इतिहासात क्वचितच सापडेल.

भाषाशास्त्राने या गोष्टीचा स्वतंत्र विचार केला आहे. जेनी थॉमस या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ विदुषींनी १९८३ साली एक महत्त्वाचा निबंध लिहिला. दोन संस्कृतींतील माणसे बोलू लागली की दोन प्रकारच्या चुका होतात, असे त्यांनी दाखवले. पहिली व्याकरणाची. ती ऐकणाऱ्याला लगेच कळते आणि 'याला भाषा अजून नीट येत नाही' असे म्हणून तो ती पोटात घालतो. दुसरी चूक रिवाजाची. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, पण त्या प्रसंगी, त्या माणसाला तसे म्हणत नाहीत. ही चूक भाषेच्या खात्यावर जमा होत नाही, ती माणसाच्या खात्यावर जमा होते. ऐकणाऱ्याला वाटते की हा माणूस उद्धट आहे, तुटक आहे किंवा ढोंगी आहे. ज्याची भाषा जितकी सफाईदार, त्याच्या बाबतीत हा धोका तितका अधिक. दिल्लीतील मराठी मुलाचे नेमके हेच होते. त्याचे मराठी बऱ्यापैकी शुद्ध असते, म्हणून त्याच्या रिवाजाच्या चुकांना क्षमा मिळत नाही.

काही उदाहरणे पाहावीत. हिंदीत 'हम' हा एकच शब्द आहे. मराठीत त्याचे दोन होतात. 'आपण' म्हटले की ऐकणारा त्यात धरला जातो, 'आम्ही' म्हटले की तो वगळला जातो. हा भेद तमिळ आणि तेलुगूतही आहे आणि द्राविडी भाषांच्या सहवासातून तो मराठीत आला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. दिल्लीत वाढलेली एखादी मुलगी मामेबहिणीला लिहिते, 'दिवाळीत आम्ही किल्ला करू'. तिच्या मनात दोघींनी मिळून करायचा किल्ला असतो. साताऱ्यातली मामेबहीण वाचते की ही तिच्या मैत्रिणींबरोबर किल्ला करणार आहे, तिथे आपल्याला जागा नाही. एका सर्वनामाने निमंत्रणाचा नकार होतो. समोरासमोर असत्या तर हाताच्या खुणेने, डोळ्यांतील चमकेने खरा अर्थ कळला असता. पडद्यावर हात नसतो आणि डोळेही नसतात.

दुसरे उदाहरण 'तू' आणि 'तुम्ही' यांचे. दिल्लीच्या हिंदीत वडीलधाऱ्यांना 'तू' म्हणणे हा उद्धटपणा समजला जातो. मराठी घरात आईला 'तू', मावशीला 'तू', बहुतेक घरांत आजीलाही 'तू'. काकांना किंवा आजोबांना काही घरांत अहो-जाहो, काही घरांत अरे-तुरे. हा हिशेब कोणत्याही पाठ्यपुस्तकात पूर्ण सापडत नाही, तो घरोघरी वेगळा असतो. हिंदीतील 'आप' डोक्यात घेऊन मूल मावशीला लिहिते, 'आपण कधी येणार?' मावशीला क्षणभर कळत नाही की मुलगा दोघांच्या येण्याविषयी विचारतो आहे की एखाद्या कार्यालयातून पत्र आले आहे. मराठीत 'आपण' हा शब्द 'मी आणि तू' असाही आहे आणि सभेतील आदरार्थी संबोधनही आहे. मुलाने आदर पाठवला आणि मावशीला दुरावा पोहोचला. उलट बाजूने पुण्याचा मुलगा आपल्या दिल्लीकर मित्राच्या आईला हिंदीत 'आंटी, तू कब आएगी' असे प्रेमाने लिहितो, तेव्हा तिकडे कपाळावर आठी उमटते.

तिसरा वर्ग सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा. हिंदी आणि मराठी या सख्ख्या शेजारणी आहेत, लिपीही एकच आहे, म्हणून शब्द बदलल्याचे कळतच नाही. हिंदीतील 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीतील शिक्षा म्हणजे दंड. हिंदीतील 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत ती थट्टा. हिंदीत 'यातायात' म्हणजे रहदारी, मराठीत यातायात म्हणजे कष्टाची वणवण. दिल्लीच्या रस्त्यांवर हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात, ही गोष्ट निराळी! हिंदीतील 'आपत्ति' हा आक्षेप, मराठीतील आपत्ती हे संकट. हिंदीतील 'संसार' हे जग, मराठीतील संसार हा नवरा-बायकोचा. या सर्वांत नाजूक जोडी 'गर्व' आणि 'अभिमान' यांची. हिंदीत 'गर्व' बहुधा गौरवाने घेतला जातो आणि 'अभिमान' या शब्दाला अहंकाराची छटा आहे. मराठीत नेमके उलट. दहावीत उत्तम गुण मिळवलेल्या भावाला दिल्लीची बहीण 'तुझा गर्व वाटतो' असे लिहिते, आणि पुढचा वाचणारा तिच्या मराठीवर हसतो. तिने मात्र आपल्या भाषेतील सर्वांत मोठा शब्द त्याला दिलेला असतो.

यात लिपीची आणि यंत्राची भर पडते. पुष्कळ मुले मराठी रोमन अक्षरांत लिहितात. त्या अक्षरांत 'काल', 'काळ', 'कल' आणि 'कळ' हे चारही शब्द एकाच रूपात उतरू शकतात. 'ळ' आणि 'ण' ही मराठीची दोन ठळक अक्षरे पहिल्या फटक्यात हरवतात. देवनागरीत लिहायचे तर मोबाइलमध्ये बहुधा हिंदीचा कळफलक असतो, तो शब्द सुचवतो ते हिंदी वळणाचे. मराठीत 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांत विद्वान आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे, आणि ते अंतर अर्ध्या 'र'च्या एका चिन्हावर अवलंबून आहे. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला संगणकावर जागा मिळाली, 'ॲ' हे अक्षर मात्र २००८ साली आले. अक्षरे आता सर्व उपलब्ध आहेत, ती शोधून वापरण्याची सवय मुलांना लावावी लागते. गूगलच्या भाषांतर यंत्रात २०१३ साली मराठीचा समावेश झाला. त्याचा उपयोग निःसंशय आहे. पण मूळ वाक्यात एकच 'हम' असेल, तर 'आपण' की 'आम्ही' हे यंत्राला अंदाजानेच ठरवावे लागते. मावशीला तू म्हणायचे की तुम्ही, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते.

शब्द टाळून चिन्हे वापरली तर सुटका होईल, असे कोणास वाटेल. तेही खरे नाही. जोडलेल्या हातांचे चिन्ह जपानी मोबाइलमधून जगभर गेले. जपानी माणसाला त्यात 'कृपा करा' किंवा 'आभारी आहे' असा भाव दिसतो, भारतीय माणसाला नमस्कार, पाश्चात्त्य माणसाला बहुधा प्रार्थना. मराठी घरातच त्याचे दोन अर्थ होतात. आजी ते आदराने पाठवते आणि कंटाळलेला पुतण्या 'आता पुरे' अशा अर्थाने. मौनाचेही तसेच. निरोप वाचला गेल्याची खूण दिसते आणि उत्तर येत नाही. एका घरात त्याचा अर्थ राग होतो, तर दुसऱ्या घरात 'कामात आहे' एवढाच.

तर मग या अडचणीतून वाट कोणती? या प्रश्नावर जगात काही चांगले काम झाले आहे. जर्मनीतील बोखूम येथील रूर विद्यापीठाच्या पुढाकाराने १९९०च्या दशकात 'टँडेम' पद्धत ई-मेलवर आणली गेली. टँडेम म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल. एक जर्मन शिकणारा स्पॅनिश विद्यार्थी आणि एक स्पॅनिश शिकणारा जर्मन विद्यार्थी अशी जोडी लावायची. निम्मा पत्रव्यवहार एका भाषेत, निम्मा दुसरीत, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या चुका सांगायच्या. येथे कोणीही कायमचा गुरू नाही आणि कोणीही कायमचा अडाणी नाही. आज जो चुकतो, तो उद्या सुधारतो.

दुसरा प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९९७ साली जिल्बेर्त फ्युर्स्टेनबेर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केला. त्याचे नाव 'कल्चरा'. अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांना सारखेच शब्द आणि सारखेच प्रसंग देऊन, मनात काय येते ते लिहायला सांगितले गेले. 'व्यक्तिवाद' या शब्दावर अमेरिकन मुलांनी स्वातंत्र्य, स्वावलंबन असे शब्द लिहिले, तर फ्रेंच मुलांनी स्वार्थ आणि एकटेपणा. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या आणि मुलांनी एकमेकांना विचारले, 'तुम्हाला असे का वाटते?' चर्चेत प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहायचे, असा तेथे संकेत होता. त्यामुळे कोणाचाही विचार त्याच्या अपुऱ्या भाषेमुळे खुजा ठरला नाही.

तिसरी गोष्ट निरीक्षणाची आहे. ॲलन फर्थ या अभ्यासकाने डॅनिश निर्यातदार आणि परदेशी ग्राहक यांची दूरध्वनीवरची इंग्रजी संभाषणे तपासून १९९६ साली एक निबंध लिहिला. दोन्ही बाजूंना इंग्रजी परकी होती, चुका भरपूर होत्या, तरी व्यवहार सुरळीत पार पडत. कारण ऐकणारा प्रत्येक अडलेल्या शब्दापाशी थांबत नसे. पुढच्या वाक्यात अर्थ उलगडेल अशा विश्वासाने तो बोलणे पुढे जाऊ देई. लोण्या-चीजचे व्यापारी जे औदार्य दाखवू शकले, ते मामा-मावश्यांना अवघड जाण्याचे कारण नाही.

हे सर्व दिल्लीतील मराठी घरात कसे उतरवता येईल? पहिली गोष्ट दुरुस्तीची. चूक सांगूच नये असे नाही. आंतर्देशीय पत्रावर आईची नजर फिरत होती, म्हणून तर मुले शिकली. पण ती नजर पत्र जाण्यापूर्वी फिरे, आणि एकट्यात फिरे. तीस जणांच्या गटात केलेली दुरुस्ती ही मुलाला वर्गापुढे उभे करण्यासारखी असते. तेथे उत्तर देतानाच योग्य रूप वापरावे. मुलीने 'आम्ही किल्ला करू' लिहिले, तर मामीने लिहावे, 'हो, आपण सगळे मिळून करू.' तान्ह्या बाळाच्या बोबड्या बोलांना आई असेच उत्तर देते, आणि बाळ त्यातूनच बोलायला शिकते. सविस्तर सांगायचे ते फोन करून, एकट्यात सांगावे.

दुसरी गोष्ट शंका विचारण्याची. एखादे वाक्य खटकले, तर राग धरण्यापूर्वी 'तुला काय म्हणायचे होते?' असे विचारण्याची रीत दोन्ही बाजूंनी पाळावी. पाठवणाऱ्यालाही 'मराठीत हे कसे म्हणतात?' असे निःसंकोच विचारता आले पाहिजे. जिथे असा प्रश्न विचारता येतो, तिथे भाषा टिकते.

तिसरी गोष्ट शाळेच्या हातातील आहे. महाराष्ट्रातील एखाद्या शाळेच्या वर्गाशी दिल्लीच्या वर्गाची टँडेम जोडी सहज लावता येईल. महाराष्ट्रातील मुलांनाही हिंदी शिकायचे असते आणि त्यांनाही ती अडते. 'विजय' मराठीत पुल्लिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी, 'आत्मा' आणि 'देह' यांचेही तसेच. तेथे दिल्लीचे मूल गुरू होते. वर्षभर मराठीत हसले गेलेले मूल एकदा तरी दुसऱ्याला समजावून सांगताना आपला आवाज ऐकते, याचे मोल गुणपत्रिकेत मावणारे नाही. ही ओळख शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावी, घरचा पत्ता आणि छायाचित्रे देण्याघेण्याचे नियम आधी ठरवावेत, हे पालकांना निराळे सांगायला नको. 'सुट्टी', 'शिस्त', 'पाहुणे', 'यश' असे चार शब्द दोन्ही वर्गांना देऊन याद्या शेजारी शेजारी मांडल्या, तरी एका तासाचा उत्तम पाठ तयार होईल.

चौथी गोष्ट माजी विद्यार्थ्यांसाठी. येथून शिकून गेलेले अनेक जण आज परदेशी आहेत. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून कार्यरत आहे आणि तेथील मंडळांच्या मराठी शाळांत नवी पिढी बाराखडी गिरवते आहे. त्या मुलांची अडचण दिल्लीतील मुलांच्या अडचणीसारखीच आहे, फक्त हिंदीच्या जागी इंग्रजी आहे. परदेशातील नातवाचे इंग्रजी वळणाचे मराठी ऐकून आजी-आजोबा कौतुक करतात आणि दिल्लीतील नातीचे हिंदी वळणाचे मराठी ऐकून नाके मुरडतात. हा पक्षपात सोडावा. दोघेही दुसऱ्या भाषेच्या पायऱ्या चढत आहेत आणि दोघेही आजोबांपर्यंत पोहोचू पाहत आहेत.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत प्रथम १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झाले आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५मध्ये डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या सन्मानाचा आनंद प्रत्येक मराठी माणसाला आहे. परंतु हा दर्जा सहावीतल्या मुलाचा हात धरून त्याला गटात दुसरे वाक्य लिहायला लावू शकत नाही. ते काम पलीकडून येणाऱ्या उत्तराचे आहे.

मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दिल्लीत वाढलेले मूल एखादे वेळी 'जातो' लिहून संभाषण संपवील. तेव्हा पलीकडच्या आजीने त्याला 'जातो नाही रे, येतो म्हणावं' असे हलकेच सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याने यावे म्हणून आपणहून त्याला दोन ओळी लिहाव्यात. या शाळेने साठ वर्षे ज्या मुलांना मराठी लिहायला शिकवले, ती आज त्या आजीच्या आणि त्या मामा-मावश्यांच्या जागी आहेत. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येकाने आपल्या गटातील एका गप्प झालेल्या मुलाला आज रात्री मराठीत एक साधा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर कसेही आले तरी पुढे बोलत राहावे, अशी विनंती आहे.